धुरपदाबाईने भिंत उतरवली

तुमच्या दारासमोरून अख्खं गाव जात असेल, तर तुम्ही भिंत उंच कराल की वाट बंद कराल? लगेच उत्तर देऊ नका. धुरपदाबाईलाही ते एका दमात सुचलं नव्हतं. त्याला काही वर्षं जावी लागली, आणि मधे एक चोर येऊन गेला.

धुरपदाबाई मूळची तुकईथडची. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आली ती कलाबतू वळणाऱ्याच्या घरात. चांदीची तार ठोकून चपटी केली की तिला बादला म्हणतात, आणि तो बादला रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला की होतं कलाबतू. त्या जरीचे शालू नेसून मोठ्या घरच्या बाया मिरवतात. ते कलाबतू कोणाच्या मांडीवर तयार होतं हे त्यांना कोणी सांगत नाही. मी मांडीवर म्हणतो ते अक्षरशः. धागा आढ्याच्या कडीतून खाली सोडलेला असतो, टोकाला टकळी. ती टकळी मांडीवर तळव्याने घासून फिरवायची, की ती गरगरते आणि धाग्याला पीळ बसतो. कापडावर घासली तर अडकते, पीळ बिघडतो. म्हणून लुगडं गुडघ्याच्या वर घ्यावं लागतं, आणि उजेड चांगला लागतो. आता सांगा, उघड्या मांडीने उजेडात बसून दिवसभर काम करणाऱ्या बाईने घर कसं शोधावं?

नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. हात तिचा आधीच बसलेला होता, त्यामुळे शेठने काम काढून घेतलं नाही. बादला तोलून द्यायचा, कलाबतू तोलून घ्यायचा. म्हणजे घरात सदा दुसऱ्याची चांदी. ती राहायची त्या खोलीच्या मालकांत वाटण्या झाल्या आणि भावाभावांनी मिळून तिला खोली रिकामी करायला सांगितली. भांडणाऱ्या भावांचं एकमत झालं ते तेवढ्याच बाबतीत. तेव्हा तिने पाटल्या मोडल्या आणि ठरवलं, आता भाड्याचं नको, स्वतःचंच घ्यायचं.

तिची अट एकच. घरात आड पाहिजे. तापीकाठच्या आपल्या खेड्यांत छोट्या विहिरीला आड म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. बाई पाण्याला गेली की घरात चांदी एकटी. घरातच पाणी असलं तर दार उघडायचं कारणच नाही.

दलाल हिंदी बोलणारा होता. त्याने दाखवलेलं घर घाटाकडे उतरणाऱ्या पायवाटेला लागून. ही वाट सगळ्यांना माहीत आहे. सकाळी स्नानाला जाणारे, कपडे घेऊन जाणारे धोबी, जैनाबादकडून नदी ओलांडून येणाऱ्या भाजीवाल्या, खांद्यावर तिरडी घेतलेले, सगळे हिच्यावरूनच. घर म्हणजे एक खोली, ओसरी, पुढे अंगण, आणि अंगण आणि वाट यांच्यामध्ये माणसाच्या डोक्याहून उंच विटामातीची भिंत. आत भाडेकरणीची सोयर होती. बाळंतिणीच्या घरात परक्याने शिरायचं नाही, म्हणून धुरपदाबाईने दारातूनच पाहिलं आणि विचारलं, "घराले आड हाये का?"

"है ना, बाई. पक्की आड है. ऐसी आड पूरी गली में किसी की नहीं."

तिला वाटलं, मागच्या अंगाला आड असेल. त्याच्या हिंदीत आड म्हणजे आडोसा, आणि तो समोरची भिंत दाखवत होता. पक्का म्हणाला असता तर विहीर. पक्की म्हणाला म्हणजे भिंत. एका काना-वेलांटीच्या फरकावर घर विकलं गेलं. इसार झाला, खरेदीखत झालं, बाळंतीण माहेरी गेली, आणि धुरपदाबाई बादली-दोर घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली तर पुढ्यात शेजाऱ्याचा उकिरडा.

मला निरोप आला. मी राहतो तिथून दोन गल्ल्या सोडून. कचेरीच्या ओट्यावर बसून कायदा शिकलेला माणूस मी, आणि डोकं माझं कायद्याहून आधी तापतं. दलालाला पानाच्या दुकानापाशी गाठलं आणि त्याच्या बंडीचा गळा धरला.

"मैंने कुआँ कब बोला?" तो म्हणाला. "आड पूछी, आड दिखाई. अब तुम्हारी बोली का ठेका भी मैं लूँ?"

जमलेली माणसं हसली. मला जास्त राग आला, कारण तो खोटं बोलत नव्हता.

मी धुरपदाबाईला म्हणालो, "दिवाणीत दावा लावतो. समजूतच वेगळी झाली, तर व्यवहार मोडतो."

"किती वर्सं चालन?"

मी बोटं मोजायला लागलो.

"तवरोक मी कुठी राहू? तुमच्या ओट्यावर?" ती अंगणात उभी राहून त्या भिंतीकडे बघत होती. "पाण्याचा आड नाई, भाऊ. नजरेचा हाये. पाणी मले आणता येते. पडदा डोक्यावर घेऊन थोडाच आणता येतो?"

असं तिने ते घर ठेवलं.

तिचा दीर, दगा नावाचा, फोपनार गावाहून आला. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून आईने दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं होतं, माणूस सरळ. वाटेवरची वर्दळ पाहूनच त्याचं तोंड उतरलं.

"वैनी, हे घर हाये का धर्मशाळा? इथं बसून तू मांडीवर टकळी फिरवशीन? घराण्याचं नाव हाये आपलं."

"मांडी माही, नाव तुमचं. दोन्ही मलेच सांभाळाचं हाये ना? मंग सांभाळते."

दगा चहा न घेता गेला, पण जाताना दाराची कडी हलवून पाहिली आणि दुसऱ्या खेपेला फोपनारहून जाड लोखंडी कडी-कोयंडा घेऊन आला. राग असा असावा.

भिंतीआडचे ते दिवस तिला आवडले नाहीत, हे तिने मला पुढे सांगितलं. ऊन डोक्यावर आल्याशिवाय ओसरीत पडायचं नाही आणि कलंडलं की निघून जायचं. भिंतीपलीकडून माणसांचे आवाज यायचे, माणूस दिसायचा नाही. कोणी चालता चालता थांबला की हिचा हात थांबायचा. कोण थांबलं, कशाला थांबलं, जोडा झटकतोय की फटीतून बघतोय? "डोये नाई दिसले म्हंजे डोये नाईत असं थोडंच असते," ती म्हणायची. ज्या नजरेपासून भिंत वाचवत होती, तिचं भय भिंतीनेच वाढवलं.

मग ती सकाळ आली. चांगली उन्हं पडलेली, वाट माणसांनी भरलेली. धुरपदाबाई गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक कुंडीवरून पाणी घेऊन परतली. दार ढकललं, तर अंगणात एक माणूस. हातात पहार, आणि खोलीच्या दारावरचा दगाचा कोयंडा अर्धा वाकलेला. लोटलेल्या दारातून सरळ आत आला असणार. आत आला की तो राजा. बाहेरून त्याला कोण बघणार?

तो पळाला नाही. पहार खांद्यावर टाकली आणि शांतपणे म्हणाला, "काकी, कोयंडा खराब हाये तुमचा. दुरुस्त करून घेजा." आणि तिच्या अंगावरून वाट काढत बाहेर पडून घाटाच्या गर्दीत मिसळला.

ती ओरडली, पण उशिरा. माणसं धावली. एक म्हणाला, आम्ही पाहिला की आत जाताना, आम्हाला वाटलं सुतार. दुसरा म्हणाला, आतून ठोकाठोक ऐकू येत होती, वाटलं काही काम काढलं असेल. हातभर अंतरावरून गाव चाललं होतं आणि गावाने चोरी ऐकून घेतली. कोणाची चूक? दिसत नाही त्याला माणूस काम समजतो.

कडी टिकली, चांदी वाचली. पण ही बातमी शेठकडे पोचली आणि शेठने निरोप धाडला, घराचा बंदोबस्त होईपर्यंत बादला मिळणार नाही. म्हणजे घर राहील पण चूल पेटणार नाही. आता ते घर तिला राखायचं होतं ते चोरापासून नाही, शेठच्या शंकेपासून.

मी म्हणालो, भिंत आणखी उंच करू, वर काचा लावू. गवंडीही मी ठरवला. गवंडी आला, आणि धुरपदाबाईने त्याला सांगितलं, "उतरव."

गवंडी माझ्याकडे बघायला लागला. मी धुरपदाबाईकडे.

"डोकं फिरलं का तुझं?" मी म्हणालो. एवढ्या वर्षांत तिला अगंतुगं केलं नव्हतं, ते त्या दिवशी निघून गेलं.

"भाऊ, ते भिंत त्याच्या कामाले आली का माह्या?" ती म्हणाली. "दार लावलं का आत मी आन चोर, दोघंच. तो हातभर दूर पहार चालवत होता आन लोक जात होते. त्याले पडदा मीच देल्ला. आता मले असा पडदा पाहिजे का मी झाकीन, आन तो झाकनार नाई."

पण असा पडदा किती उंच असतो? पुस्तकात हे माप नाही. मी शोधून पाहिलं. तिने ते असं काढलं. रोज त्या वाटेने जाणारी आशाबाई भाजीवाली, उंच आणि तोंडाने फटकळ, तिला थांबवलं. स्वतः ओसरीवर टकळी घेऊन बसली, नेहमीसारखी. गवंडी विटांचा एक एक थर काढायचा आणि मागे वळून उभा राहायचा. मलाही पाठ करून उभं केलं होतं. आशाबाई डोक्यावर पाटी घेऊन भिंतीबाहेरून खालून वर, वरून खाली चालायची.

"काय दिसते व आशा?"

"आढं दिसते तुह्यं. कोयी झाडून घे."

थर उतरला.

"आता?"

"डोकं. तेल लाव, जटा झाल्या."

थर उतरला.

"आता तोंड दिसते, आन हात वर गेला का हात दिसते. टकळी नाई दिसत."

"वाकून पाह."

"पाटी डोक्यावर घेऊन कोन वाकते? पाटी तू उचलशीन का मंग?"

"उचलीन. वाक."

आशाबाई वाकली, चार वांगी अंगणात पडली. "वाकून दिसते गुडघा," ती म्हणाली. "पन वाकनारा मले बी दिसन ना. आन मी काय सोडते का त्याले?"

एक थर पुन्हा चढवला. भिंत उभ्या माणसाच्या खांद्याखाली आली. बसलेल्या बाईची मांडी झाकलेली, तोंड उघडं. आणि अंगणात कोणी उभा राहिला तर कमरेपासून वर तो वाटेवरच्या प्रत्येकाला दिसणार. वांगी धुरपदाबाईने विकत घेतली, कारण आशाबाई ती परत घ्यायला तयार नव्हती.

शेठ स्वतः आला. भिंत पाहून त्याने कपाळाला हात लावला. "बाई, मी बंदोबस्त म्हटलं होतं. हे तर दुकान मांडलं तुम्ही."

"मंग शेठजी, तुमचं दुकान कुठी हाये? चौकात. गादीवर चांदी मांडून बसता. तुमी पडदा लावता का?"

"आमच्याकडे माणसं असतात."

"माह्याकडे बी हायेत. ते पाहा." वाटेवरून तेव्हा धोबी चालले होते. त्यातल्या म्हाताऱ्याने मान वर करून विचारलं, "कोण आलंय धुरपदे? सगळं ठीक ना?" शेठला त्याने नखशिखांत पाहून घेतलं. शेठ बाजारात जन्मलेला माणूस. त्याला भाषणाची गरज नव्हती. त्या दिवशी त्याने थोडा बादला धाडला. पुढे हळूहळू पहिल्यासारखा.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. एक रिकामटेकडा रोज भिंतीला कोपर टेकवून उभा राहायला लागला. मी म्हणालो, त्याचं कोपर मी बघतो. तिने मला नको म्हटलं. रेशमाची लड घेऊन उठली आणि त्याच्या हातात दिली. "टेकलाच हायेस तर दोन्ही हातांनी धर. मी गुंडाळते. ताण ढिला सोडू नको." तो तसा हात पुढे करून उभा, आणि येणारा जाणारा विचारतोय, काय रे, कामाला लागलास का बाईकडे? परत तो त्या वाटेने गेला नाही. नदीला आता कुठून जातो कोण जाणे.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मधे घाटाकडे गाडीरस्ता झाला, खडी पडली, आणि वाटेवरची माणसं कमी झाली. टांग्यातून जाणाऱ्याला पायवाट कशाला? आणि गेल्या साली वाटेच्या पलीकडचं घर अनंतराव नावाच्या गृहस्थांनी घेतलं. कचेरीत आहेत, माणूस वाईट नाही. त्यांनी म्युनिसिपल कमिटीकडे अर्ज केला की या वाटेच्या बोळाला दोन्ही तोंडांना फाटक लावून कुलूप घालावं, कारण आता रस्ता झाला आहे आणि बोळाचा उपयोग फक्त भामट्यांना. एकट्या राहणाऱ्या, घरात चांदी असलेल्या बाईचा अंगठा अर्जावर असला की काम झालंच, म्हणून ते धुरपदाबाईकडे आले. मी तिथे होतो, आणि तोंड मिटून बसायचं मी तिला कबूल केलं होतं.

"बाई, घरात मुली आहेत माझ्या," ते म्हणाले. "दोरीवर कपडे घालायची चोरी झाली आहे. जेवायला काय केलंय ते वाटेवरचा माणूस वासावरून सांगतो. आपल्याच घरात आपण हळू बोलायचं? तुम्ही तर बाईमाणूस, तुम्हाला हे मी सांगायला हवं का?"

मला वाटलं ती त्यांना उडवून लावील. तिने तसं केलं नाही. टकळी खाली ठेवली.

"खरं हाये तुमचं," ती म्हणाली. "मले बी जड जाते. मी जेवली नाई तर आशाले कयते. अंगणात केस मोकये सोडून मी बसली नाई, किती वर्सं झाली. माही भाची गेली तवा मले रडाचं व्हतं. मोठ्यानं. इथं रडली असती तर अर्धी वाट आत आली असती. मी तोंडात पदर धरला. या घरात रडाची सोय नाई, रावसाहेब. ते किंमत मी देते. फुकट नाई मियत हे राखन."

अनंतरावांना वाटलं, झालं काम. त्यांनी कागद पुढे केला.

"पन एक सांगा. कुलपाच्या किल्ल्या कोनाकडे राहतीन?"

"एक माझ्याकडे. एक तुमच्याकडे."

"मंग बोळात आपन दोघंच. तुमी कचेरीत गेले का मी एकटी. पहिले भिंतीआड व्हती, आता फाटकाआड." तिने कागद परत केला. "तुमच्या पोरींसाठी भिंतीचं माप मी काढून देते. कपड्याची दोरी बी कुठी बांधाची ते सांगते. आशाले बोलावते. वाट नका मागू."

अनंतरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला. रागावले नाहीत. पण अर्जही मागे घेतला नाही, आणि माप काढायला कोणाला बोलावलंही नाही. मुली अजून कपडे घरातच वाळवतात. मला त्यांची दया येते आणि त्यांच्या बापाचा राग येतो, दोन्ही एकाच वेळी, काय करणार.

मी कमिटीच्या मेंबरांशी भांडून आलो. तिथे मला सांगण्यात आलं की बाईच्या मनाचा प्रश्न नाही, वहिवाटीचा प्रश्न आहे. लोक चालत असतील तर ती वाट, नसतील तर तो रिकामा बोळ. येत्या महिन्यात कमिटीचा माणूस बोळाच्या तोंडाशी बसून पाहणार आहे, कोणी येतं-जातं का. नियम खोटा आहे असं मला म्हणता येत नाही, म्हणून मी चिडलो आहे. वाट कागदावर नसते. पावलं पडतात तोवर असते. आणि आपण सगळे, मीसुद्धा धरून, पाय वाचवायला खडीच्या रस्त्याने जायला लागलो आणि त्या म्हाताऱ्या बाईला वाटलं की गाव अजून भिंतीपलीकडे आहे.

आशाबाई येते, पण आता तिचे गुडघे धरतात. म्हातारा धोबी वारला. धुरपदाबाई अजून ओसरीवर बसते. परवा मी गेलो तर टकळी थांबवून माझ्याकडे बघत राहिली. "तुमी हाये व्हय," म्हणाली. "मले वाटलं कोन आलं." हे मी तिच्या तोंडून उंच भिंतीच्या दिवसांनंतर पहिल्यांदा ऐकलं.

म्हणून हे लिहिलं. मला वर्गणी नको, सभा नको, अर्जावर सह्याही नकोत. सह्या मी पुष्कळ जमवल्या आहेत आणि त्यांचं काय होतं तेही पाहिलं आहे. घाटावर तुम्ही जाताच. या महिन्यात गाडीरस्ता सोडा आणि त्या बोळातून पायी जा. भिंतीवरून आत टक लावू नका, पण मान खाली घालूनही जाऊ नका. बाई दिसली तर विचारा, सगळं ठीक ना. आणि तिचं उत्तर ऐकायला थांबा.